जड पाणी

रेडिंगचं पाणी जड.
केटलीत आठवड्याला पांढरं पूट चढतं,
नखाने खरवडलं तर अंड्याच्या कवचासारखे टवके निघतात.
मी बॉयलरवाला. बावीस वर्षं
लोकांच्या भिंतींतल्या नळ्या कापून पाहतोय :
बाहेरून तांबं झक्क,
आत करंगळी जाणार नाही एवढं भोक.

बाबांची नळी मात्र मला कोणी दाखवली नाही.
सतरा नंबरची बस, टाइलहर्स्टचा शेवटचा थांबा.
हँडब्रेक ओढून झाल्यावर
ते स्टिअरिंगवर डोकं टेकून राहिले.
अठ्ठावन्न.
हँडब्रेक ओढलेला होता, हे डेपोतले लोक
अजून सांगतात, पदक दिल्यासारखं.

कालिंदीआत्या त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी.
तिचं हृदय ठणठणीत.
बॅटल हॉस्पिटलात तीस वर्षं रात्रपाळी,
अठ्ठावीस खाटांवरची नावं अंधारात पाठ.
ती आता चहा ठेवते, आणि ठेवते,
आणि परत ठेवते.
मला विचारते, भास्करा, बस लावलीस का नीट?
पहिल्यांदा मी म्हणालो, आत्या,
बाबा जाऊन अकरा वर्षं झाली.
ती नुकताच फोन आल्यासारखी रडली.
तेव्हापासून मी सांगतो, लावली.

मेमरी क्लिनिकातल्या पार्टनबाई समजावत होत्या,
शरीरात चरबी वाहून नेणारं एक प्रथिन असतं.
मी मनात म्हटलं, हमाल.
त्याचे तीन नमुने : दोन नंबर, तीन नंबर, चार नंबर.
चौथा काही दुष्ट नसतो, त्या म्हणाल्या,
पण ओझं पोचवण्यात ढिला.
रक्तवाहिन्यांच्या कडेला ठेवून देतो,
आणि मेंदूत केर उचलायचा राहून जातो.
म्हणजे बाबांचं आणि आत्याचं दुखणं
एकाच अक्षराचं?
कदाचित, म्हणाल्या. शक्यता वाढते, एवढंच.
असलं कदाचित मी गिऱ्हाइकाला ऐकवलं
तर चहासुद्धा मिळणार नाही.

सटवाई सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहिते म्हणतात.
हिने तर पाचवी-सहावीची वाटच पाहिली नाही.
दौत एक, बोरू एक.
भावाची शाई छातीत ओघळली,
बहिणीची कपाळातच राहिली,
आत,
पसरत.

संशोधनासाठी मीही रक्त दिलं होतं.
मागितलं तरच सांगतात. मी मागितलं.
मार्चमध्ये पाकीट आलं :
आईकडून तीन, बाबांकडून चार.
तीन-चार.
तीन-चार दिवसांत येतो, पार्ट मागवावा लागेल,
हे वाक्य मी रोज फोनवर म्हणायचो.
आता जीभ अडखळते,
सरळ गुरुवार सांगून टाकतो.

लोणी सोडलं. पोहायला जातो, बुधवारी, पाय दुखतात.
रेवा एकोणीस वर्षांची, विचारते, मला कुठला दिलास?
म्हटलं, छापा-काटा.
ती म्हणाली, नाणं हवेतच राहू दे मग.
आणि माझ्या ताटातला शेवटचा सामोसा उचलून घेतला,
तुझ्यासाठी बरा नाही म्हणत.

रविवारी आत्याकडे गेलो,
केटलीत व्हिनेगर ओतून उभा राहिलो.
फसफसलं, टवके सुटले,
तळाशी चकाकतं पोलाद दिसलं.
इतकं सोपं असतं कधीकधी, म्हणून चिडायला होतं.
मागून आत्या आली.
काही न बोलता माझं मनगट धरलं,
दोन बोटं बरोब्बर जागेवर,
मान खाली वळवून पाहिलं
छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ,
जे तिथे नव्हतं.
ओठ हलत होते. मी श्वास रोखला,
जणू त्याने आकडा बिघडेल.
बहात्तर, ती म्हणाली.
ठीक आहे. हळू चालव.

मग केटली भरायला घेतली.